उतारावरचा मका: नांगर सोडण्याआधीची आणि नंतरची कामे, क्रमाने

उतारावर बिननांगरटीचा मका फसल्याची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: नांगर सोडण्याआधी काय काय केलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, “नांगरलं नाही, एवढंच.” म्हणजे सगळ्यात शेवटी करायचं काम सगळ्यात आधी झालं. वरच्या रानाचं पाणी शेतात घुसतच राहिलं, हराळी, कुंदा ही चिवट तणं जिवंत राहिली, जमिनीवर पालापाचोळा नव्हताच. जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात बी, खत आणि माती एकदमच ओढ्याला गेली. मग पुढच्या वर्षी पुन्हा नांगर.

क्रम असा आहे: आधी पाणी, मग जमिनीतला कडक थर, मग बहुवार्षिक तण, मग शेंगवर्गीय पिकाचं आच्छादन. नांगर सोडायचा तो त्यानंतर. हा क्रम मोडला तर पुढची एकही सूचना कामाची नाही.

खालचं सगळं सातमाळा-अजिंठ्याच्या पायथ्याचे उतार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे: सिल्लोड, कन्नड, सोयगाव, नांदगाव, कळवणच्या बाजूची हलकी ते मध्यम, मुरमाड जमीन. पाऊस साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. होंडुरासच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर शेतकरी आधी खाजकुयलीचं रान माजू देतात, ते कापून आडवं करतात आणि त्यातच भोकं पाडून मका टोकतात. ते जमतं, कारण तिथला पावसाळा लांब आहे. आपल्याकडे मृगाआधी आच्छादनाचं पीक वाढवायला पाणीच नसतं. त्यामुळे आपल्याला पुढच्या वर्षीचं आच्छादन यंदाच्या मक्यातच पेरावं लागतं आणि ते आठ महिने राखावं लागतं.

सुरुवात दहा गुंठ्यांवर करा. एकदम दोन एकर धरू नका.

टप्पा १: उतार मोजा (मार्च)

नजरेने उतार नेहमी कमी वाटतो. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी किंवा बांबू घ्या. एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं उताराच्या दिशेने धरा आणि गवंड्याची पाणसळ वर ठेवून बांबू आडवा सपाट करा. खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १० सेंटिमीटर आलं तर उतार ५ टक्के, २० आलं तर १० टक्के, ३० आलं तर १५ टक्के. शेतात पाच-सहा ठिकाणी मोजा, कारण एकाच रानात वरचा भाग ४ टक्के आणि कडेचा भाग १२ टक्के असू शकतो.

१५ टक्क्यांच्या वरच्या तुकड्यात मका घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे मारवेल गवत, सीताफळ, बांबू लावा. तो तुकडा तुम्हाला चारा देईल, आणि त्या चाऱ्यामुळेच खालच्या रानातली मक्याची धाटं शेतात ठेवणं परवडेल. याचा संबंध टप्पा ७ मध्ये येतो.

टप्पा २: वरचं पाणी वळवा, मग समतल रेषा पाडा (एप्रिल)

शेताच्या वर डोंगर, गायरान किंवा दुसऱ्याचं रान असेल तर तिथलं पाणी तुमच्या शेतात कुठून शिरतं ते शोधा. मागच्या पावसाळ्यातल्या ओघळी हीच त्याची खूण. शेताच्या वरच्या कडेला आडवा चर खोदा. चराला एका बाजूला अगदी हलका ढाळ द्या, म्हणजे पाणी गवत असलेल्या नाल्यात किंवा ओढ्यात जाऊन पडेल. चराची माती खालच्या बाजूला टाका.

सावधान: चराचं पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. भांडण तर होईलच, शिवाय पुढच्या वर्षी चर बुजवलेला सापडेल. आधी बोलून घ्या आणि पाणी जुन्या ओहोळाला लावा.

शेतातल्या जुन्या ओघळींना दगडांचे छोटे आडवे बांध घाला. बांधाचा मधला भाग कडेपेक्षा खोलगट ठेवा. मध्ये उंच आणि कडेला ठेंगणा बांध घातला की पाणी बाजूने नवी ओघळ कोरतं. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की वेगळी सांगावीशी वाटली.

आता समतल रेषा. त्यासाठी ‘ए’ आकाराची चौकट पुरते. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, खाली पाय दोन मीटरवर फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा. शेंड्यापासून दोरीला दगड बांधून सोडा. चौकट जमिनीवर उभी करा, दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करा: डावा पाय होता तिथे उजवा. पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी ठळक खूण करा. दोरी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असं समजा. आता एक पाय जागेवर ठेवून चौकट फिरवत जा आणि प्रत्येक पायाशी खुंटी ठोका. वारा असेल तर दोरी हलते, म्हणून हे काम सकाळी लवकर करा.

दोन रेषांमध्ये एक मीटरचा उभा फरक धरा. म्हणजे ५ टक्के उतारावर रेषा २० मीटरवर, १० टक्क्यांवर १० मीटरवर. प्रत्येक रेषेवर अर्धा ते एक मीटर रुंदीचा गवताचा पट्टा करायचा: मारवेल किंवा खस. त्याच रेषेवर गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, अर्ध्या मीटरवर लावा. गिरिपुष्पाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे मोकाट चराईतही ते वाचतं. दुसऱ्या वर्षापासून ते मीटरभर उंचीवर छाटून पाला थेट मक्याच्या ओळींमध्ये टाकता येतो. खस, मारवेल आणि गिरिपुष्पाची लागवड पाऊस लागल्यावर करा, आत्ता फक्त जागा आखून ठेवा.

तपासणी: खुंट्यांची रेष मागे जाऊन पाहा. ती सापासारखी वळलेली दिसली पाहिजे. अगदी सरळ दिसत असेल तर चौकटीची मधली खूण चुकली आहे, किंवा तुम्ही बांधाच्या ओळीने गेला आहात. फार बारीक वळणं असतील तर दोन-तीन खुंट्या थोड्या सरकवून रेष मऊ करा, नाहीतर पेरणीची पाभर वळणार नाही.

टप्पा ३: शेवटची नांगरट (एप्रिल-मे)

बिननांगरटीची सुरुवात एका नांगरटीने होते, हे ऐकून बरेच जण दचकतात. पण वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर-रोटाव्हेटर चाललेल्या रानात पंधरा-वीस सेंटिमीटरखाली कडक थर बसलेला असतो. तो तसाच ठेवून नांगर सोडला तर मक्याची मुळं आडवी पसरतात आणि पाणी मुरायचं थांबून वाहायला लागतं.

थर आहे की नाही हे मागच्या पावसाळ्यात वाफशावर, म्हणजे चिखल निवून माती नुसती ओलसर असताना, पाहून ठेवलेलं चांगलं. दहा मिलिमीटरची लोखंडी सळई हाताने दाबा. सहज जात जात अचानक अडली आणि अंगाचा भार दिल्यावर पुन्हा सुटली, तर थर आहे. सगळीकडे सारखीच जात असेल तर नांगरट करू नका, टप्पा सोडून द्या. खाली नुसता मुरूमच असेल तर तोही थर नव्हे.

थर असेल तर जमीन कोरडी असताना एकदाच खोल फाळ चालवा, तोही समतल रेषांच्या समांतर. ओल्या जमिनीत हे काम केलं तर थर फुटत नाही, चिखल दाबला जातो.

याच नांगरटीत हराळी, कुंदा आणि लव्हाळ्याचा बंदोबस्त करायचा. ढेकळांसोबत वर आलेल्या काश्या, म्हणजे तणाची जमिनीखालची खोडं, वेचून शेताबाहेर काढा. उन्हात दहा-पंधरा दिवस तापू द्या, पुन्हा वेचा. हराळी आणि कुंदा यात बराच मोडतो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र मरत नाहीत. लव्हाळा दाट असेल तर त्या तुकड्यात यंदा मका घेऊच नका. मृगात एकरी २० ते २५ किलो ताग दाट पेरा, फुलावर आला की कापून आडवा करा, आणि सावलीने लव्हाळा दमवा. एक हंगाम गेल्यासारखा वाटतो, पण बहुवार्षिक तणाच्या रानात नांगर सोडून दोन हंगाम वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

सावधान: तणनाशकाच्या भरवशावर हा टप्पा टाळू नका. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत. पॅराक्वाटच्या विषबाधेवर उतारा नाही, ते घरात ठेवण्याचीही वस्तू नव्हे. या लेखातली पद्धत विळा, खुरपं आणि सावली यांवर चालते.

माती परीक्षणाचा नमुनाही याच वेळी काढा.

टप्पा ४: बियाण्याची तयारी आणि पिकांची निवड

कोणतं शेंगवर्गीय पीक, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरं तर आधी विचारायचं ते हे, की ते कशासाठी हवं आहे. आपल्याला दोन वेगळी कामं करून घ्यायची आहेत आणि एक पीक दोन्ही करत नाही.

पहिलं काम: जून-जुलैत मका लहान असताना ओळींमधली जमीन झाकणं. याला ताग उत्तम, कारण तो झपाट्याने वाढतो आणि ३५-४० दिवसांत कापून अंथरता येतो. शेंगा हव्या असतील तर झुडपी चवळी. वेल जाणारी चवळी किंवा वाल या वेळी पेरला तर तो मक्यावर चढतो, ताटं वाकवतो. जूनमध्ये वाल नकोच.

दुसरं काम: मका काढल्यानंतर उरलेल्या ओलीवर वाढणं आणि उन्हाळाभर जमिनीवर पडून राहणं. याला कुळीथ. कमी ओलीत येतो, जमिनीलगत पसरतो, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे शेंगा पक्व झाल्या की स्वतःहून वाळतो. मृगात त्याला मारायला काही करावं लागत नाही. जमीन थोडी भारी आणि ओल धरणारी असेल तर कडेला वाल चालेल, पण तो काही ठिकाणी पुढच्या पावसात पुन्हा फुटतो.

खाजकुयली मी सुचवत नाही. तिच्या शेंगांची कूस अंगाला लागली तर माणूस दिवसभर तळमळतो, आणि मक्यावर ती चढल्याशिवाय राहत नाही.

एक एकरासाठी बियाणं: मका ६ ते ८ किलो, ओळीत घ्यायचा ताग ८ ते १० किलो, कुळीथ १० ते १२ किलो. दहा गुंठ्यांना याच्या चौथा हिस्सा.

शेंगवर्गीय बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत लावा, १० किलोला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. ताग, चवळी आणि कुळीथ या तिघांना चवळी गटाचं रायझोबियम चालतं. सोयाबीनचं चालत नाही, दुकानात हे विचारून घ्या. बियाणं सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर जिवाणू मरतात.

टप्पा ५: पहिल्या वर्षाची पेरणी (जूनचा दुसरा पंधरवडा)

पहिल्या वर्षी जमीन नांगरलेली आणि उघडी आहे, म्हणून धोका याच वर्षी सगळ्यात जास्त. धूळपेरणी करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्यावर, वाफशावर पेरा.

१. ओळी समतल रेषांच्या समांतर घ्या. दोन रेषांमधलं अंतर एकसारखं नसतं, त्यामुळे मध्ये कुठेतरी ओळी अर्धवट संपतील. त्या अर्धवट ओळी दोन रेषांच्या मधोमध येऊ द्या, रेषांच्या कडेला नको.

२. मका ७५ सेंटिमीटर ओळीत, दोन झाडांत २० सेंटिमीटर. एकरी साधारण २७ हजार झाडं बसतात. बी ४ ते ५ सेंटिमीटर खोल.

३. दोन ओळींच्या बरोबर मध्ये तागाची एक ओळ, त्याच दिवशी. आठ दिवसांनी पेरू म्हणाल तर पाऊस पेरू देत नाही.

४. खत बियाण्याच्या बाजूला ५ सेंटिमीटरवर, मातीत झाकून.

खरीप मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी आहे. एकराला ते साधारण डीएपीची ५० किलोची एक गोणी, म्युरेट ऑफ पोटॅश २५ ते २७ किलो आणि युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडा कमी असा हिशेब बसतो. डीएपी, पोटॅश आणि १५ किलो युरिया पेरताना. उरलेला युरिया ३० आणि ४०-४५ दिवसांनी, दोन समान हप्त्यांत. माती परीक्षणात वेगळं आलं असेल तर ते खरं माना. ताग घातला म्हणून पहिल्या वर्षी युरिया कमी करू नका.

सावधान: सवयीने ॲट्राझिन हे तणनाशक मारू नका. आपल्याकडे मका पेरला की ॲट्राझिन हे समीकरण झालं आहे, आणि ते ताग, चवळी, कुळीथ सगळ्यांना मारतं. ताग उगवलाच नाही म्हणून बियाण्याला दोष देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या शेतात हेच झालेलं असतं. उगवणीपूर्व तणनाशक हवंच असेल तर पहिल्या वर्षी पेंडिमिथॅलिन ३० ई.सी. एकरी १ ते १.३ लिटर, २०० लिटर पाण्यातून, पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओलसर जमिनीवर. लेबल वाचा. टेंबोट्रिओन, टोप्रामेझॉन ही नंतर मारायची तणनाशकंही शेंगवर्गीय पिकाला चालत नाहीत.

पुढच्या वर्षांपासून पेंडिमिथॅलिनचाही उपयोग उरत नाही. ते पालापाचोळ्यावरच अडतं, मातीपर्यंत पोचत नाही.

टप्पा ६: पहिले चाळीस दिवस

कोळपं चालवू नका. हे सांगायला सोपं आणि पाळायला सगळ्यात अवघड आहे. शेजारच्या रानात कोळपणी चालू असताना आपलं रान तसंच ठेवणं मनाला लागतं. पण कोळप्याने सुटी केलेली माती उतारावर पुढच्याच पावसात वाहते. तण मोठं होण्याआधी, १५ ते २० दिवसांनी, मक्याच्या ओळीत खुरपं फिरवा. ओळींमधलं तण विळ्याने जमिनीलगत कापून तिथेच टाका.

३० व्या दिवसाच्या आसपास लष्करी अळीसाठी रान फिरा. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं पाहा. शंभरातल्या दहा झाडांच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, खाल्लेल्या खिडक्या आणि विष्ठा दिसली तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ एस.जी. लिटरला ०.४ ग्रॅम, नोझल थेट पोंग्यात धरून. त्याहून कमी असेल तर ५ टक्के निंबोळी अर्कावर भागतं. ताग असल्यामुळे झाडं तपासायला वेळ लागतो, म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

मग युरिया आणि ताग. इथे क्रम पाहा:

१. आधी युरियाचा हप्ता मक्याच्या बुडापासून चार बोटांवर, खुरप्याने छोटा खड्डा करून द्या आणि झाका.

२. त्यानंतर लगेच किंवा दोन-चार दिवसांत ताग कापा. वय ३५ ते ४० दिवस, मक्याच्या वर डोकं काढण्याआधी. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापा. गुडघ्यावर कापलेला ताग पुन्हा फुटतो आणि मक्याशी भांडतो.

३. कापलेला ताग ओळींच्या मध्ये, उताराला आडवा अंथरा. मक्याच्या बुडाशी ढीग करू नका, तिथे कूज आणि अळ्या जमतात.

उलटं केलं, म्हणजे ताग अंथरून वर युरिया फेकला, तर पाल्यावर पडलेल्या युरियातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. तागाचं बी धरू देऊ नका. ते जनावरांच्या पोटात जाणं चांगलं नाही.

तपासणी: ताग अंथरल्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन शेताच्या खालच्या कडेला उभे राहा. बाहेर पडणारं पाणी कसं आहे ते बघा. गढूळ, तांबूस पाण्याची धार एखाद्या ठिकाणी दिसली तर त्या धारेच्या उगमापर्यंत चालत जा. तिथे ओळ समतल नसते, किंवा वरचा चर फुटलेला असतो. घरात बसून हे कधीच कळणार नाही.

टप्पा ७: कुळथाची पेरणी आणि मक्याची काढणी

कुळथाची वेळ उत्तरा नक्षत्रात, सप्टेंबरच्या मध्यावर. मक्याचे दाणे भरून कडक व्हायला लागलेले असतात, खालची पानं पिवळी पडलेली असतात. लवकर पेरला तर सावलीत पिवळा पडून मरतो. मका काढून पेरू म्हटलं तर ओल निघून जाते. आठ-दहा दिवसांचीच खिडकी आहे, म्हणून बियाणं पोळ्यालाच घरात आणून ठेवा.

आधी मक्याची खालची वाळकी पानं ओढून जमिनीवर टाका, उजेड आत येतो. मग पाऊस झाल्यावर दोन ओळींच्या मध्ये कुळथाच्या दोन ओळी टोका किंवा बारीक काकरी ओढून पेरा. नुसता फेकून पेरलेला कुळीथ तागाच्या काटक्यांवर अडकतो, मातीला टेकत नाही आणि पाखरांना जातो. हस्ताचा एक पाऊस मिळाला तर पुढे बघायला नको.

मका काढताना कणसं मोडा आणि ताटं गुडघ्याच्या उंचीवर कापा. वरचा हिरवट, पाल्याचा भाग जनावरांना, खालचं धाट उभंच रानात. उतारावरच्या शेतकऱ्याला सगळा चारा सोडून दे म्हणणारा सल्ला मला मान्य नाही. ज्याच्या दावणीला दोन बैल आणि एक म्हैस आहे तो सोडू शकत नाही. पण खालचं दीड फूट धाट जनावरं तशीही नीट खात नाहीत, आणि रानात तेच सगळ्यात जास्त टिकतं. तागाचा, कुळथाचा पाला लवकर कुजतो. उन्हाळा काढून पुढच्या जुलैपर्यंत उरतात ती मक्याची धाटं. दोन्ही मिळूनच आच्छादन होतं: एक जमिनीला खाऊ घालतं, दुसरं झाकतं.

ट्रॅक्टर-ट्रॉली ओल्या रानात घालू नका. कणसं बांधापर्यंत डोक्यावर न्या.

कुळीथ पिकल्यावर उपटू नका. आपल्याकडे उपटायचीच रीत आहे, पण त्यात मुळं, गाठी आणि सगळं आच्छादन खळ्यावर जातं. विळ्याने कापा, मळणी करा आणि निदान अर्धा भुसा परत रानात आणून पसरा. पहिल्या वर्षी आच्छादन विरळ वाटलं तर शेंगा सोडून द्या, पीक तसंच वाळू द्या.

टप्पा ८: डिसेंबर ते मे, आच्छादन राखणे

इथे सगळ्यात जास्त प्रयोग बुडतात. शेतीत काही काम नसतं, लक्ष नसतं, आणि गावची जनावरं मोकळी सुटलेली असतात. पंधरा दिवसांत रान चाटूनपुसून साफ. बाभळीच्या-बोरीच्या काट्यांचं कुंपण करा, राखणदाराशी बोला, शेजारच्या दोघा-तिघांना सोबत घेऊन एका सलग पट्ट्यात हे करा. दहा गुंठ्यांपासून सुरुवात करायचं हेही एक कारण: एवढ्याला कुंपण घालता येतं.

दुसरी भीती वणव्याची. डोंगराकडच्या बाजूला तीन मीटर पट्टा झाडून स्वच्छ ठेवा. आणि स्वतः धसकटं पेटवू नका, बांधाचं गवतही नाही.

वाळवी दिसली म्हणून घाबरून औषध ओतू नका. तिला खायला वाळकी धाटं आहेत तोवर ती त्यांच्यावरच राहते. उन्हाळ्यात वखर घालण्याची सवयही इथे आवरायची.

तपासणी (मेअखेर): दहा मीटर दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा, शंभर गाठी होतील. दोरी ओळींना तिरपी ताणा. किती गाठींखाली पाला किंवा धाट आहे ते मोजा, तितके टक्के झाकण. तीन ठिकाणी मोजा. साठच्या वर असेल तर उत्तम. तीस ते साठ असेल तर गिरिपुष्पाचा पाला, बांधाचं बी न धरलेलं गवत आणून भर घाला. तिसाच्या खाली असेल तर यंदा बिननांगरटीचा हट्ट धरू नका. फक्त मक्याच्या ओळीपुरती काकरी ओढा, मधली जागा न हलवता ठेवा आणि ताग पुन्हा घ्या.

वजनानेही पाहता येतं. एक चौरस मीटरमधलं वाळकं आच्छादन गोळा करून तोला. अर्धा किलो भरलं तर एकरी दोन टन.

टप्पा ९: दुसऱ्या वर्षाची पेरणी, न नांगरता

पहिल्या पावसाने उगवलेलं तण पेरणीआधी विळ्याने कापा. खुरपं खोल घालू नका, खालचं निजलेलं बी वर येतं.

झाकलेल्या जमिनीला वाफसा उशिरा येतो. शेजाऱ्याने पेरलं म्हणून घाई करू नका. मूठभर माती दाबून बघा, गोळा होऊन बोटाने फुटली पाहिजे. चिखलात टोकलेल्या भोकाच्या भिंती विटेसारख्या घट्ट होतात आणि कोंब तिथेच अडकतो.

टोकण यंत्र किंवा पहारीने जुन्या ओळीच्या बाजूला वीतभर सरकून टोका. जुन्या धसकटातच बी टाकू नका. भोकात पाला ढकलला जाऊ देऊ नका. बी मातीला चिकटलं नाही तर फुगतं, पण रुजत नाही. म्हणून बी पडेल तिथला पाला आधी पायाने बाजूला सारा, आणि बी टाकल्यावर टाचेने दाबा. शेजारी दुसरं भोक खताचं. पेरणीच्या वेळच्या युरियात या वर्षी कपात नको, उलट १५ च्या जागी २० किलो द्या आणि तेवढा पुढच्या हप्त्यातून वळता करा. मक्याची धाटं कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलं नत्र ओढून घेतात. १५-२० दिवसांचा मका पिवळा दिसतो तो बहुतेक याच कारणाने.

नवे शत्रू: वाणी (पैसा किडा) आणि शंखी गोगलगाय. ओलसर पाल्याखाली दोन्ही वाढतात. वाणी उगवता कोंब कुरतडते. टोकणीनंतर रोज संध्याकाळी ओल्या गवताचे छोटे ढीग किंवा भिजवलेली पोती ओळींमध्ये ठेवा, सकाळी उचलून खाली जमलेले किडे साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. दहा-बारा दिवस हे नेमाने करा. गोगलगायी हातमोजे घालूनच वेचा. फारच असतील तर मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या एकरी दोन किलो, पण कुत्री, कोंबड्या आणि जनावरांपासून जपून. जास्तीचं दहा टक्के बियाणं ठेवा आणि आठव्या दिवशी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरा.

दुसऱ्या वर्षीही ताग मध्ये घ्यायचा. आच्छादन चांगलं असलं तरी मक्याच्या पहिल्या महिन्यात ते झपाट्याने कुजतं.

दर वर्षी एकदा करायची मोजणी

पंधरा सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा घ्या. पावसाळ्यात वाफशावर तो जमिनीत दोन-तीन बोटं ठोका. ४५० मिलिलिटर पाणी हळू ओता, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर पाऊस झाला. ते मुरायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. तीच मोजणी शेजारच्या नांगरलेल्या रानात करा. दर वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात.

पहिल्या दोन वर्षांत मक्याचं उत्पन्न वाढेल अशी आशा धरू नका. जेवढं होतं तेवढं राहिलं तरी चांगलं, कारण नांगरटीचा, वखराचा आणि कोळपणीचा खर्च गेलेला असतो. डब्यातलं पाणी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लवकर मुरायला लागलं पाहिजे. लागलं नाही, तर सळई घेऊन पुन्हा टप्पा ३ पाहा. कडक थर राहून गेलेला असतो, किंवा कोणीतरी ओल्या रानात ट्रॅक्टर घातलेला असतो. मुरायला लागलं, तर मोजणी लिहिलेली वही घेऊन पुढचे दहा गुंठे आखायला घ्या. त्या तुकड्यासाठी ‘ए’ची चौकट पुन्हा खुणा करून तपासा, मागच्या वर्षीच्या काठ्या वाकलेल्या असतात.